नानांना न सांगितलेलं

यार्डातून फोन आला तेव्हा मी शारजातल्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. पलीकडे गेटवरचा पठाण होता. "साब, नाना खलास हो गया," तो म्हणाला. "टूलरूम में कुर्सी पे बैठा था. चाय भी पूरा नहीं पिया." मी डब्याचं झाकण लावलं आणि पहिला विचार मनात आला तो नानांच्या पासपोर्टचा... कंपनीच्या कपाटात असेल की त्यांच्याकडे? या देशात इतकी वर्षं काढली की माणूस रडण्याआधी कागद गोळा करायला लागतो. पोलिसांचा कागद, इस्पितळाचा, वकिलातीचा, विमान कंपनीचा. चार दिवस मी तेच केलं आणि पाचव्या दिवशी नानांची शवपेटी मुंबईच्या विमानात चढली, तिथून पुढे कोल्हापूर. त्याला आता पाच आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही. शीण मात्र आलाय, आणि तो त्या धावपळीचा नाही हे मला कळतं. एक गोष्ट मी नानांपासून कित्येक वर्षं लपवून ठेवली होती. ती आता सांगून टाकायची आहे.

शंकर चव्हाण हे त्यांचं पासपोर्टावरचं नाव. आम्ही सगळे नाना म्हणायचो. पन्हाळ्याच्या बाजूचं गाव, घरची थोडी शेती, आणि गावच्या तालमीत लाठी, फरी-गदका शिकवणारा माणूस. गदका म्हणजे हातभर लांबीची कातडी मढवलेली काठी आणि फरी म्हणजे दुसऱ्या हातातली ढाल. जत्रेत नानांचा पवित्रा बघायला शेजारच्या गावांतून माणसं यायची, असं त्यांच्याच गावचे दोन वेल्डर सांगायचे. नाना स्वतः कधी सांगत नसत, पण कुणी 'वस्ताद' म्हणून हाक मारली की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. माझी त्यांची ओळख नव्वदीच्या दशकाच्या मध्याची. मी उम्म अल कुवैनच्या यार्डात टाइमकीपर होतो आणि ते जबल अलीच्या साइटवर परांची बांधायच्या कामावर होते. एके दिवशी ते दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आले. जीव वाचला, उजवा गुडघा मात्र कायमचा अधू झाला. चार महिन्यांनी कंपनीनं त्यांना आमच्याकडे टूलरूमला पाठवलं, काठी घेऊन चालायच्या अटीवर. डॉक्टरनं लिहून दिलं होतं की हा माणूस आता काठीशिवाय चालणार नाही, आणि चालताना पडला तर गुडघा पुन्हा मोडेल.

काठी आली. इस्पितळातली, ॲल्युमिनियमची, खाली रबरी बूच लावलेली. नानांनी ती टूलरूमच्या कोपऱ्यात उभी केली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. "नाना, घ्या की हो हातात," मी म्हणायचो. "सुधाकर, काठी फिरवायची असतीया," ते म्हणायचे. "टेकायला लागलो म्हंजे मी संपलो, दुसरं काय?" भिंतीला, पाइपांना, माणसांच्या खांद्यांना धरत ते चालत. पहिल्या महिन्यात दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा कागदपत्रं बघणारा आमचा पीआरओ मला बाजूला घेऊन म्हणाला की आणखी एकदा पडला तर मी याला घरी पाठवणार, मग मला सांगायला येऊ नकोस. नानांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि उठून भिंत धरत चहा आणायला गेले. हट्टी माणूस! राग यायचा मला. आणि त्याच वेळी असंही वाटायचं की हा गावी परतला, तर तालमीच्या दारातून कुबडी घेऊन आत जाणार नाही. घरातच बसेल आणि बसून बसून मरेल.

यार्डाचा वर्कशॉप मॅनेजर डेक्लन नावाचा आयरिश होता. साठीला टेकलेला, लाल तोंडाचा, कमी बोलणारा. त्याचंही खुब्याचं दुखणं जुनं होतं, त्यामुळे तो काठी घेऊनच चालायचा. पण काय काठी होती ती! काळीभोर, गाठीगाठींची, वर मुठीएवढा गोळा. त्याच्या देशात एका काटेरी झुडपाची अशी काठी करतात. कापायची, लोणी चोपडायचं आणि महिनोन्महिने चुलीच्या धुराड्यात टांगून ठेवायची. त्याच्या आजोबांच्या काळी जत्रेत एका घराण्याची माणसं दुसऱ्या घराण्यावर अशाच काठ्या घेऊन तुटून पडत, आणि असं मनगट दुसऱ्या कुणाचं नाही म्हणून आजोबा त्यात पुढे असत. ही काठी लढाईचीच. म्हातारा रस्त्यानं टेकत चालला आहे असं दिसतं, पण अंगावर कुणी आलं की तीच उलटी होऊन हातात येते. हे सगळं तो मला ऑफिसात चहा पिताना पुन्हा पुन्हा सांगायचा आणि एकदा माझ्या डोक्यात नाना आले. मी त्याला नानांची गोष्ट सांगितली. "शुक्रवारी दुपारनंतर घेऊन ये," तो म्हणाला.

शुक्रवार सुट्टीचा. यार्डाच्या मागे खाडीच्या बाजूला मोकळी वाळू होती, तिथे आम्ही तिघं जमलो. नाना आले ते केवळ माझ्या शब्दाखातर, तोंड वाकडं करून. डेक्लननं कुदळीचा एक नवा दांडा मापात कापून घासून आणला होता. तो नानांच्या हातात दिला आणि खुणेनं म्हणाला, दाखव. नानांनी दांडा टोकाला धरला, गदका धरतात तसा, आणि एक पवित्रा घेतला. गुडघ्यानं साथ दिली नाही. ते उजवीकडे कलंडले, मी धरलं.  डेक्लन मला म्हणाला की याला सांग, उशीर झालाय. पाय गेलेला आहे आणि हाताला दुसरीच सवय आहे. आमची काठी याला जमणार नाही. नीट टेकून कसं चालायचं तेवढं मी शिकवतो.

"काय म्हंतोय त्यो?" नानांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, दांडा घट्ट धरलेला. "साहेब म्हणतात, असं मनगट त्यांनी दुसरं पाहिलेलं नाही," मी म्हणालो. "म्हणतात, त्यांचे आजोबा असते तर जत्रेत तुम्हाला आपल्या शेजारी उभं केलं असतं. पण म्हणतात, आमच्यात आधी ही काठी रोज टेकून चालायला शिकतात. मग लढायला."

इतकं सफाईदार खोटं मी आधी कधी बोललो नव्हतो.  नानांनी दांडा जमिनीला टेकवला, त्यावर भार दिला आणि वाळूत दहा पावलं चालून दाखवली. डेक्लन मला म्हणाला, "छान समजावलंस."

त्यानंतर नाना पडले नाहीत. नोकरी राहिली, व्हिसा राहिला. मी स्वतःवर खूश होतो. कुणाचं काय बिघडलं? उलट भलंच झालं. आणि शुक्रवार चालू राहिले, कारण नाना आता ऐकेनात. चालायला शिकलो, आता पुढचं दाखवा म्हणून साहेबाच्या मागे लागले. त्यांची पहिली अडचण पकडीची होती. हात सारखा टोकाला जायचा. डेक्लन दरवेळी बोटं सोडवून वर सरकवायचा, काठीचा तिसरा हिस्सा हाताखाली राहील असा. तो हिस्सा असा वाया का घालवायचा, हे नानांना कळत नव्हतं. एका शुक्रवारी साहेबानं हळूच त्यांच्या कोपरावर काठी मारली, तर ती कोपराला लागलीच नाही, त्या खालच्या तुकड्यावर अडली. नाना थांबले. स्वतःच्या कोपराकडे बघितलं. "आयला," ते म्हणाले, "सुधाकर, आमची फरी येगळी आन् गदका येगळा. ह्यांची फरी काठीतच हाय की!" मला हे इंग्रजीत सांगायला पाच मिनिटं लागली. डेक्लननं ते दोनदा सांगायला लावलं.

त्या दिवसानंतर त्या दोघांना माझी फारशी गरज उरली नाही. वाळूत दोन लंगडे म्हातारे एकमेकांभोवती इंच इंच सरकायचे, पाय जवळजवळ हलत नसत, काठ्या कानशिलापाशी उभ्या, आणि मग नुसत्या मनगटाच्या झटक्यानं खट्... खट्. मी पत्र्याच्या सावलीत पेपर वाचत बसायचो. काठीला तेल पाजायचं की लोणी, यावर त्यांचा मूकवाद चालायचा. नाना आपल्या दांड्याला खोबरेल पाजत आणि डेक्लन नाक मुरडायचा.

वर्ष-दीड वर्षानं डेक्लन निवृत्त होऊन निघाला. शेवटच्या शुक्रवारी त्यानं आपली काळी काठी नानांपुढे धरली. नानांनी हात जोडले, म्हणाले की विमानतळावर चालायला लागंल त्यांना, ऱ्हाऊ द्या. मग डेक्लन माझ्याकडे वळला. त्याचे डोळे ओले होते. म्हणाला, याला सांग, असं मनगट मी दुसरं पाहिलं नाही. माझ्या आजोबांनी याला शेजारी उभं केलं असतं. आणि हेही सांग की पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो याला जमणार नाही. मी चुकलो. आयुष्यात फार कमी वेळा इतका चुकलोय.

आजोबांचं आणि मनगटाचं तो मलाच चहा पिताना इतकं सांगायचा की मी पहिल्या दिवशी त्याचेच शब्द उचलले होते. आता ते खरे होऊन समोर आले होते. चुकलो म्हणाला ते सांगायचं, तर पहिला दिवस उघडा पडतो. मी तेवढं गाळलं. बाकीचं सांगितलं.

नाना हसले, जुनी ओळखीची गोष्ट ऐकल्यासारखे. "ते व्हय? ते तर पैल्याच दिशी म्हणाला हुता," ते म्हणाले आणि वाकून काठीची वाळू झटकायला लागले.

डेक्लन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. "खूश नाही झाला?" त्यानं मला विचारलं. "लाजतोय, सर," मी म्हणालो. निघून गेला बिचारा. दीड वर्ष एका पायावर उभं राहून नानांनी जे कमावलं, ते मी पहिल्याच दिवशी फुकट वाटून टाकलं होतं. खरं आलं तेव्हा त्याची किंमत उरली नव्हती. मला हे तिथेच कळलं. तरी मी बोललो नाही. आज सांगू, उद्या सांगू... पुढे माझी शारजाला बदली झाली.

एकदा वाटलं होतं, आता सांगावं. यार्डात काम होतं म्हणून गेलो होतो. गेटपासून आत येताना मागच्या कचऱ्याच्या ढिगावरची पाच-सहा कुत्री माझ्या अंगावर आली. मी फायलीनं हाकलतोय, ती आणखी पिसाळतायत. टूलरूमच्या दारातून नाना आले. घाई नाही. माझ्यापुढे उभे राहिले, काठी उलटी करून कानशिलापाशी धरली आणि एक कुत्रं झेपावलं तेव्हा फक्त त्याच्या नाकासमोर लाकूड आणलं. मारलं कुणालाच नाही. मिनिटभरात सगळी पांगली. "मारायचं नस्तंय," ते म्हणाले, "आत येऊ द्यायचं नस्तंय. साहेबानं शिकिवलंय." एवढ्या कौतुकानं साहेबाचं नाव घेतलं की मी फाइल सावरत ऑफिसकडे वळलो.

मग गेल्या रमझाननंतर त्यांना दोन दिवस इस्पितळात ठेवलं होतं, छातीत दुखतंय म्हणून. मी भेटायला गेलो. इकडचं तिकडचं झालं. निघताना त्यांनी माझा हात धरला. "सुधाकर, एक सांग. डेक्लनसाहेब जाताना अजून कायतरी म्हणाला असंल की रं? पैल्या दिशी जे बोलला तेच शेवटाला बोलला. म्हंजे एवढं वरीस घासलो, त्यात मी काय फुडं गेलोच न्हाई का?"

त्यांनी हे एवढी वर्षं मनात ठेवलं होतं. मी समोर उभा होतो. दोन वाक्यांचं काम होतं. बाजूच्या पलंगावर माणसं होती, भेटीची वेळ संपली म्हणून नर्स दारात उभी होती, आणि आजारी माणसाला आता हे कशाला, असंही मी स्वतःला सांगितलं. "नाही नाना," मी म्हणालो, "एवढंच म्हणाला." त्यांनी मान हलवली आणि हात सोडला. ती आमची शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात कंपनीनं त्यांची खोली रिकामी करायला सांगितली. यार्डाच्या मागची पत्र्याची खोली, एक पलंग, एक कपाट. सामान आधीच गावी गेलं होतं, मला फक्त किल्ली द्यायची होती. पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर कोपराच्या उंचीला रंग खरवडलेला होता, एकावर एक बाकदार ओरखडे, खालचा पत्रा दिसेपर्यंत. साहेब गेल्यावरही नाना इथे एकटेच शुक्रवार करत होते. आपण पुढे जातोय का, हे सांगायला समोर कुणी नसताना.

रंगारी बादली घेऊन दारात आला. "साब, मारूँ?" मी त्याला थांब म्हणालो. ओरखड्यांवरून हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "नाना, पहिल्या दिवशी साहेब तसं म्हणालाच नव्हता. ते मी म्हणालो होतो. तो शेवटच्या दिवशी म्हणाला. आणि म्हणाला, मी चुकलो."

"हमको कुछ बोला, साब?" रंगाऱ्यानं विचारलं. मी मान हलवली आणि भिंतीसमोरून बाजूला झालो.