वडिलांनी आणलेला जगाचा इतिहास

माझे वडील दापोलीच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. घरी नवा व्हीसीडी प्लेअर आला, तेव्हा त्यांनी भाड्याने एक इंग्रजी सिनेमा आणला. कव्हरवर रोमन सम्राट होता. "जगाचा इतिहास आहे," असं सांगून त्यांनी मुख्याध्यापकांना सपत्नीक बोलावलं.

पहिल्याच प्रसंगात आदिमानवाने चाक शोधलं आणि ते घरंगळत जाऊन त्याच्या सासूला घेऊन तळ्यात पडलं.

"याला पुरावा नाही," वडील म्हणाले.

मग सैन्यापुढे भाषण करणाऱ्या सम्राटाचा झगा रथात अडकला. रथ निघून गेला आणि सम्राट पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उरला. वडील टीव्ही बंद करायला उठले.

"राहू दे हो भाऊजी!" मुख्याध्यापकांच्या पत्नी म्हणाल्या. एरवी त्यांचा आवाजही ऐकू यायचा नाही. आता हसता हसता त्यांच्या नाकातून चहा आला. ते पाहून मुख्याध्यापक खुर्चीवरून घसरले.

वडील मात्र घुम्यासारखे बसून होते. शेवटी फाशीच्या तख्तावरचा राजा ओरडला, "आधी केसांचा टोप काढा, भाड्याचा आहे!" तेव्हा तेही खदखदून हसले.

निघताना मुख्याध्यापकांच्या पत्नी म्हणाल्या, "इतिहास इतका छान असतो, माहीतच नव्हतं."

वडिलांनी ते स्वतःचं कौतुक समजून मान झुकवली.