काकांनी गाळलेलं वाक्य

टोकियोजवळ ग्योतोकुला आमच्या इमारतीत एक काका मुलाकडे राहतात. पुण्यात त्यांनी आयुष्यभर जर्मन शिकवलं. इथे नातवंडं जपानीत बोलतात, म्हणून घरात ते गप्पच असतात. रविवारी मात्र मला जर्मन सिनेमाला नेतात आणि कुजबुजत प्रत्येक वाक्य मराठीत सांगतात. छोट्या गावातली प्रेमं, भांडणं, लग्नं. बाईचं वाक्य आलं की आवाजही बाईचा काढतात.

परवा पडद्यावर मुलगा म्हाताऱ्या बापाला काहीतरी सांगत होता. बाप रडत होता. काका थांबले.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"जेवायला बोलावतोय."

स्टेशनवर बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "खोटं सांगितलं तुला. तो मुलगा बापाला घर विकलं म्हणत होता. आमचाही पुण्यातला फ्लॅट मुलानं विकला. मला शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलं."

गाडी आली. "चला काका, घरी जाऊ," मी म्हटलं.

ते उठले नाहीत.