खोटे विद्यार्थी

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच. पण मनीषनगरच्या आमच्या डी.एड. कॉलेजात प्रोजेक्टर लावता लावता किस्से साठत गेले. ती बॅच पास होऊन गेली, किस्से मात्र अजून बाकांवरच बसले आहेत!

*

सराव पाठात एकजण शिकवायचा, बाकीचे सहावीची पोरं व्हायचे. मौद्याचा नीलेश, चांगला दाढीवाला, करंगळी वर करून बाहेर गेला. अर्ध्या तासानं चहा पिऊन आला.

प्राचार्य मॅडम भडकल्या. नीलेश म्हणाला, "मॅडम, सहावीतले पोट्टे असेच करतात. मी रोलमध्ये होतो!"

*

पाठाच्या टाचणात मुलं काय करतील तेही आधीच लिहावं लागतं. नीलेशनं लिहिलं, 'विद्यार्थी हसतील.' खऱ्या शाळेत गोष्ट सांगितली, कोणीच हसलं नाही.

त्यानं वही उघडून दाखवली. "पाहा बे, इथं लिहिलं आहे!"

मग मात्र वर्ग हसला.

*

एकदा स्मार्ट बोर्डवर त्याचा पाठ रंगात आला आणि लाइट गेली.

"आमच्या मौद्यात वीज बनते, अन् माह्याच पाठाले लाइट जाते!"

मॅडम म्हणाल्या, "खडू आहे ना? शिकवा."

*

शेवटचा पाठ त्याच बॅचच्या वैशालीताईचा, अपूर्णांकांचा. पोरं प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची. मॅडम वैतागल्या. "तुम्ही सगळे खोटे विद्यार्थी! सागर, प्रोजेक्टर राहू दे, बाकावर तू बस."

नववीत गणितात दोनदा नापास होऊन मी शाळा सोडली, हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं.

"एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश?"

मी वरचे वरच्यांत, खालचे खालच्यांत मिळवले. "दोन पंचमांश."

वर्गात हशा फुटला! नीलेश ओरडला, "काय अ‍ॅक्टिंग करते गा हा!"

ताई हसली नाही. डब्यातली पोळी काढून तिनं अर्धी मोडली. "दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून कमी. आधी अर्धी खाल्ली, वरून अजून खाल्ली, अन् खाल्लेली कमी कशी झाली गा?"

मग तिनं अख्ख्या पोळीचे सारखे सहा तुकडे केले. अर्ध्या पोळीचे तीन माझ्यापुढे ठेवले, मग तिसऱ्या हिश्शाचे आणखी दोन.

"पाच षष्ठांश," मी म्हणालो.

सगळे गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "तू अ‍ॅक्टिंग करून नव्हता राहिला ना?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मंग सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून दहावीले बसता येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जुन्या शाळेत गेलो. फॉर्म देताना बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "काहून सोडली होती गा शाळा?"

मी म्हणालो, "दोन पंचमांश."