चालू यंत्राची पूजा

त्या मुलीला नोकरीत कायम करायचं की नाही, हे दिवाळीच्या आधी ठरणार होतं. ते माझ्यामुळे फिसकटलं, आणि माझ्यामुळे फिसकटलं हे मी काही वर्षं कुणाला सांगितलं नाही. घरातही नाही. आधी एवढं लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला मागे फिरता येणार नाही.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी रोह्याला एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होतो आणि राहायला पेणला. रोज एसटीने वडखळ, नागोठणे करत जायचं आणि तसंच परत यायचं. आमचं मूळ गाव पेणच्या खाडीकडचं, वडील मिठागरात कामाला. गावात वीज आली तेव्हा मी शाळेत होतो. घरात एकच बल्ब, आणि तो लावला की आई म्हणायची, "बाहेर उजेड हाय ना अजून? मग दिवा कशाला?" त्यामुळे रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की माझा हात आपोआप बटणाकडे जायचा. कंपनीतही मी निघताना सगळी बटणं बघून निघायचो. एका वर्षी मॅनेजरसाहेबांनी सभेत सगळ्यांसमोर सांगितलं, वीज कशी वाचवावी ते स्टोअरवाल्यांकडून शिका. ते वाक्य मला फार आवडलं होतं. इतकं आवडलं होतं की पुढे त्याचीच राखण करत बसलो.

तर स्टोअरमध्ये कॉम्प्युटर आला. आम्ही पत्र्याच्या छपराखाली घाम पुसत बसलेले, आणि त्याच्यासाठी मात्र काचेचं दार लावून वेगळी खोली केली, एसी बसवला. चपला बाहेर काढायच्या. मुंबईहून आलेला इंजिनीअर सांगून गेला की एसी बंद करायचा नाही, धूळ येऊ द्यायची नाही, आणि लाईट गेली तर हा यूपीएस अर्धा तास मशीन चालू ठेवील. मला हे सगळं थोतांड वाटत होतं, आणि मी ते बोलूनही दाखवत होतो. गाडीत वडखळला चढणारा एक फिटर होता, आमच्याच कंपनीतला. त्याच्याजवळ माझं रोज सुरू.

"माणसं रिअॅक्टरपाशी भाजतायत, आणि एका डब्याला गारवा," मी म्हणायचो.

"तुझ्या घरच्या टीव्हीला लावलास का एसी?" तो विचारायचा.

"टीव्ही मी दोन तासांच्या वर लावूच देत नाय."

"मंग तुझी बायको शेजारी जाऊन बघते, त्यांची वीज जळते. तुझी वाचली." आणि अख्खी गाडी हसायची.

हसले तरी बहुतेकांचं मत माझ्यासारखंच होतं. कॉम्प्युटर म्हणजे माणसं कमी करायचं यंत्र, वर वीज खाणार. आज मला वाटतं, त्यातलं एसीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण म्हणणं बरोबर असलं म्हणजे माणूस बरोबर असतो असं नाही.

त्या खोलीत बसायला कंपनीने एक मुलगी टेंपररी घेतली. वय बावीस-तेवीस. कुंडलिकेपलीकडे अष्टमीला राहायची, पूल ओलांडून यायची आणि पुढे कंपनीच्या बसने. वडील भातगिरणीत कामाला, ती घरातली थोरली. रोह्यात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. एसीत दिवसभर बसायचं म्हणून तिने एक जुना हिरवा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता. मी तिला म्हणायचो, "काय गो, मे महिन्यात स्वेटर घालणारी रोह्यात तू एकटीच असशील." ती म्हणायची, "दादा, आत येऊन बसा तासभर, तुम्हालाही विणून देते."

तिचं काम असं होतं. स्टोअरमधल्या प्रत्येक रॅकला पुठ्ठ्याचं कार्ड लटकवलेलं असायचं. कुठला व्हॉल्व्ह, कुठलं बेअरिंग, कुठल्या मशीनला लागतं, रॅक कुठला, सगळं त्यावर. ती हजारो कार्डं वाचून कॉम्प्युटरात भरायची. आठ महिने ती हेच करत होती. साहेबांनी तिला शब्द दिला होता की यादी दिवाळीपर्यंत पूर्ण झाली तर कायमच्या ऑर्डरवर सही करीन. हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

यादीच्या नकला ती दर शनिवारी फ्लॉप्यांवर काढायची. तेव्हाच्या त्या मोठ्या, पापडासारख्या लवचिक फ्लॉप्या. त्या स्टीलच्या कपाटात कुलपात ठेवायच्या आणि त्याच्या दोन किल्ल्या, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मी एकदा तिला विचारलं, "नट-बोल्टांच्या यादीला कुलूप कशाला? चोर काय बेअरिंगचे नंबर वाचायला येणाराय?"

"चोरासाठी नाय दादा," ती म्हणाली. "आपल्यासाठी. आपणच हात लावतो ना."

खंडेनवमीला आमच्याकडे प्लँट थांबत नाही, केमिकल मध्येच थांबवता येत नाही. पण वर्कशॉप, स्टोअर, जीप, वजनकाटा यांची पूजा व्हायची. पाने, हातोडे धुऊन पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. यंत्राला वर्षातून एक दिवस विसावा. त्या वर्षी पहिल्यांदाच कॉम्प्युटरची पूजा होणार होती आणि मांडणी माझ्याकडे होती.

सकाळी तिने मशीनला सगळी यादी नंबरवार लावायची आज्ञा दिली. त्याला चार-पाच तास लागायचे. तोवर मशीन आपलं आपण घरघरत राहायचं आणि पडद्यावर आकडे पुढे सरकत राहायचे. दुपारी तिला मेन गेटवर रांगोळी काढायला बोलावलं. जाताना ती मला म्हणाली, "दादा, मशीन चालू आहे. बंद करू नका हां. हार पडद्याच्या वर घाला, मागच्या जाळीवर नको."

"व्हय, जा तू," मी म्हणालो.

मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण ऐकलं होतं.

मी कपाट उघडून फ्लॉप्या काढल्या. पूजेत नुसतं खोकं ठेवायचं आणि आतल्या वस्तू कुलपात, हे मला बरं दिसेना. पाकिटातून एकेक काढली, ताम्हनात मांडली, पाण्याचं बोट लावून प्रत्येकीवर हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग कॉम्प्युटरकडे वळलो. तो घरघरत होता. आणि मला वाटलं, चालू यंत्राची पूजा कशी करायची? हातोडा कुणी मारता मारता पूजतं का? शिवाय उद्या दसऱ्याची सुट्टी. म्हणजे रिकाम्या खोलीत परवा सकाळपर्यंत एसी, पंखा, दिवा सगळं जळत राहणार. पडद्यावर आकडे सरकताना मला दिसत होते. मी मेन स्विच खाली केला.

एसी थांबला. कॉम्प्युटर थांबला नाही. यूपीएस ओरडायला लागला, टूं टूं, थांबून थांबून. इंजिनीअरने सांगितलं होतं, हा ओरडला की समजायचं, वेळ थोडा आहे, काम नीट बंद करा. मला तो आवाज पूजेच्या जागी बरा वाटेना. मी वाकून त्याचंही बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि खोली शांत झाली. मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं.

साहेब आले, त्यांनी पडद्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांना पेढे दिले. नंतर मी फ्लॉप्या फडक्याने पुसून पाकिटात घातल्या आणि कुलूप लावलं. ती रांगोळी आटपून परस्पर बसने घरी गेली. तिच्याही घरी पूजा होती.

सुट्टीनंतर तिने मशीन लावलं तर यादी उघडेना. तिने फ्लॉप्या काढल्या. पहिली घातली, खर्र असा आवाज आला. दुसरीही तशीच. बाहेर काढून उजेडात धरली तर मधल्या फटीत हळदीचा पिवळा ओघळ वाळलेला.

मुंबईचा इंजिनीअर दुसऱ्या दिवशी आला. फ्लॉप्या बघून तो हसला, मग साहेबांचा चेहरा बघून थांबला. म्हणाला, यादी लावली जात असताना मशीन मध्येच बंद पडलंय, त्यामुळे मूळ यादी गेली. आणि नकला कुंकवाने गेल्या. पूजा सगळ्यांनी मिळून केली होती, साहेबांनीही. म्हणून कुंकवाचं कुणी फार बोललं नाही. प्रश्न एवढाच राहिला की मशीन बंद कसं झालं.

"मी चालू ठेवून गेले होते, साहेब," ती म्हणाली. "यादी लागत होती."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही होतात ना? काय झालं?"

मी म्हणालो, "लाईट गेली होती, साहेब."

रोह्यात लाईट रोजच जायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. इंजिनीअर एवढंच म्हणाला की मग यूपीएसने अर्धा तास धरलं असणार, तेवढ्यात येऊन कुणीतरी नीट बंद करायला हवं होतं. ऑपरेटरने मशीन सोडून जायचंच नाही. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मी रॅककडे.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "दादा, लाईट खरंच गेली होती?"

"गेली होती तर."

"बरं," ती म्हणाली.

दिवाळीला तीन आठवडे होते. साहेब म्हणाले, तेवढ्यात पुन्हा भरून दाखव. मी आपणहून सांगितलं की मी ड्यूटीनंतर थांबेन आणि कार्डं वाचून दाखवेन. मी वाचायचो, ती स्वेटर घालून टाईप करायची. एसी चालू असायचा, मी एकदाही काही बोललो नाही. तिची आई माझ्यासाठीही डबा पाठवू लागली. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. मी खायचो. "दादा, तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं," ती एकदा म्हणाली, आणि मी पुढचं कार्ड वाचलं. तिला बरं वाटावं म्हणून मी थांबत होतो, की मला, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

यादी जेमतेम तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेली. तिला कायम केलं नाही. टेंपररीची मुदत संपली ती वाढवली नाही, एवढंच. तिने पासवर्ड एका कागदावर लिहून साहेबांना दिला, किल्ली माझ्या हातात दिली, स्वेटर पिशवीत घातला. नव्या माणसाने उरलेली यादी दोन महिन्यांत भरली. मला मात्र पुढल्या वर्षीच्या सभेत पुन्हा शाबासकी मिळाली.

दशक संपत आलं तेव्हा पेणच्या एसटी स्टँडजवळ एका झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात ती मला दिसली. लग्न होऊन ती पेणमध्येच आली होती. कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज टाईप करत होती, तेही रोजावर. मी दोन दिवस दुकानापुढून नुसता गेलो. तिसऱ्या दिवशी कामाला जाताना आत शिरलो. गिऱ्हाईक होतं, तरी बोललो. मेन स्विचचं सांगितलं. यूपीएसचंही सांगितलं, ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

तिचे हात टाईप करायचे थांबले.

"बटण बंद होतं त्याचं," ती म्हणाली. "लाईट गेली असती तर बटण चालूच राहिलं असतं. तेव्हाच बघितलं होतं मी."

"मग साहेबांना का नाही बोललीस?"

"टेंपररी बाईने कायम माणसावर बोट दाखवायचं?" तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "दादा, एक विचारू? तुम्ही खरं बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं? नोकरी?"

"नाय."

"पगार?"

"तोही नाय. साहेब ओरडले असते."

"मग कशाला?"

तिला उत्तर द्यायलाच हवं होतं. मी म्हणालो, "त्या एसीवरून, वीज वाचवण्यावरून मी सगळ्यांना शिकवत होतो. तेच माझ्या अंगाशी आलंय, हे चार लोकांत दिसलं असतं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

ती हसली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती खरोखरीच हसली, नवल वाटल्यासारखी, आणि मग डोळे पुसले, ते हसण्यामुळे की कशामुळे ते मी बघितलं नाही. "आणि मी तीन आठवडे तुमचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते," ती म्हणाली. मग तिने विचारलं, अजून कुणाला सांगितलंय का? मी नाही म्हणालो. साहेबांना सांगतो, म्हणालो.

"मला आता काही मिळायचं नाय त्यातून," ती म्हणाली. "पण सांगा. त्यांच्या लेखी मी अजून मशीन सोडून गेलेली मुलगी आहे."

गिऱ्हाईक चुळबुळ करत होतं. दाखल्याचा अर्ज होता त्यांचा. तिने त्यांना गावाचं नाव पुन्हा विचारलं आणि टाईप करायला लागली. मी बाजूला झालो. साहेब तोवर बदली होऊन गेले होते. मी त्यांचा नवा पत्ता कंपनीतून काढला आणि त्यांना पत्र लिहिलं. त्यात तिचं नाव दोनदा लिहिलं, आणि काय झालं ते जसं झालं तसं. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं की नाही हे मला कळलं नाही. म्हणून हे पुन्हा लिहिलं, जिथे कुणीही वाचू शकेल.