मेंढवाड्याच्या तोंडाशी

भूतखेत, करणी, भानामती यांतलं काहीच मी कधी मानलं नाही. कुणी असले किस्से सांगायला लागलं की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाते. पण हे माझ्या स्वतःच्या अंगावर आलेलं... त्यापासून उठून कुठे जाणार?

निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी हैदराबादेला मुलींच्या कॉलेजात शिकत होते, हॉस्टेलवर राहत होते आणि हॉकीच्या टीमची गोलकीपर होते. गाव शिरड शहापूरजवळ. गावात कुणी विचारलं की आई सांगायची, "आमची पोरगी तिकडं दारात उभी राहायचं शिकून राहिली." तिच्या मते हॉकी एवढीच होती, आणि खरं सांगायचं तर फारसं चुकीचंही नव्हतं.

त्या वर्षी एक बॉल माझ्या गालफडावर बसला. तेव्हापासून बॉल येताना दिसला की डोळे आपोआप मिटायचे. डोळे मिटणाऱ्या गोलकीपरला टीममध्ये कोण ठेवणार? म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत पॅड आणि स्टिक घेऊनच घरी आले.

खत मिळावं म्हणून दर उन्हाळ्यात आमच्या शेतात धनगरांची मेंढरं बसायची. शेताच्या कडेला काट्याचं कुंपण घातलेला मेंढवाडा होता आणि त्याच्या तोंडाला बाभळीचे दोन खांब. माझ्यासाठी तयार गोलच! तिथे सखू असायची. नवरा सोपान कळप घेऊन चरायला जायचा, सखू कोवळी कोकरं आणि आपलं तान्हं लेकरू सांभाळत मागे राहायची. बाळाची झोळी आत खांबाला टांगलेली. दुपारभर ती माझ्याकडे हसत-हसत बॉल फेकायची.

त्या तोंडात आडवी एक घोंगडी कायम अंथरलेली असे. सखूची सासू रात्री तिथेच झोपायची... लांडगा आला तर आधी माझ्या अंगावरून जाईल, म्हणायची. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती तिथेच झोपेत गेली. तेव्हापासून आत लेकरू किंवा कोकरू असलं की तोंड रिकामं ठेवायचं नाही, निदान तिची घोंगडी तरी हवीच, असा त्यांचा नेम होता.

त्या दिवशी ऊन कलल्यावर सखू पाण्याला निघाली. घोंगडीत माझे पाय अडकतात हे तिने पाहिलं होतं. "इंदूताई, तुमी हाव ना तोंडाला? मग ही कशाला? धुवून आणते," म्हणत तिने ती उचलून खांद्यावर टाकली. "पण मी येईस्तोवर हलायचं न्हाई बरं का."

ती गेली. बॉल कुंपणाजवळ पडला होता, तो आणायला वाकणार, एवढ्यात डाव्या पॅडवर धाडकन काहीतरी आदळलं.

समोर कुणीच नव्हतं. बॉल जिथल्या तिथे होता.

दुसरा दणका उजवीकडे, कमरेएवढ्या उंचीवर. मी स्टिक आडवी घातली आणि हात खांद्यापर्यंत बधिर झाला. मग एकामागून एक... खाली, वर, पायांच्या मधून. आत शिरायची वाट शोधत होतं काहीतरी. मी घाबरले, फार घाबरले. पळाले असते, पण मागे झोळीत लेकरू होतं. डोळे मिटले नाहीत. मिटायची हिंमतच नव्हती. शेवटी दणके थांबले आणि ते नुसतं रेटायला लागलं, माझ्या पायांना, पोटाला, थांबून थांबून. मीही रेटलं. मग अचानक समोर काहीच राहिलं नाही आणि मी तोंडावर पडले.

उठून वळून पाहिलं. बाळ झोळीतून हात बाहेर काढून हसत होतं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बाहेरच्या मोकळ्या शेताकडे बघत.

सखू आली. मी कसंबसं सांगितलं. तिच्या डोक्यावरची घागर हिंदकळली. "आत येऊ दिलं न्हाई तुमी?" तिने हळूच विचारलं.

"कुणाला?"

"म्हातारी दिवस मावळताना येती आपल्या जागेवर. मी ती जागाच तुमाला दिली." तिने ओली घोंगडी तिथे अंथरली, हात जोडले, बराच वेळ थांबली. "न्हाई येत आता."

मी तिचं काही ऐकून घेतलं नाही. लेकराला उचललं आणि दोघांनाही हट्टाने आमच्या घरी झोपायला नेलं. कळप आल्यावर सोपानने नेहमीसारखं तोंड काट्यांनी बंद केलं.

सकाळी काटे बाजूला पडलेले होते. झोळीखालची कोकरं फाडलेली होती आणि झोळीच्याही चिंध्या झाल्या होत्या. म्हातारी होती तोवर आणि ती गेल्यावरही त्या वाड्यात लांडगा कधी शिरला नव्हता. सखू लेकराला उराशी घट्ट धरून बसली.

पुढे मी कॉलेज सुटेपर्यंत गोलमध्ये उभी राहिले. डोळे परत कधी मिटले नाहीत. कौतुकही खूप झालं. पण प्रत्येक मॅचमध्ये कुणी अंगावर धावून आलं की तो मेंढवाडा आठवायचा.

ती म्हातारी होती, तर तिने एवढ्या जोराने का मारावं? आणि दुसरंच काही होतं, तर बाळ कुणाला बघून हसत होतं? एवढी वर्षं झाली, मला उत्तर मिळालेलं नाही. त्या संध्याकाळी मी एकही दणका आत जाऊ दिला नाही, एवढंच मला माहीत आहे. आणि मला त्याचीच भीती वाटते.