मांडवाबाहेरचा धवला

बाळकुमच्या कोळीवाड्यात आवडाबाईंना मासळीवाली म्हणून ओळखणारे थोडे, धवलारीण म्हणून ओळखणारे फार. लग्नात भटजी यायचा, घाईघाईने अक्षता टाकायचा आणि दक्षिणा घेऊन पुढच्या मांडवाकडे पळायचा. पण धवलारणीने उभं राहून धवले गायल्याशिवाय लग्न लागलं, असं इथल्या जुन्या घरांत कोणी मानत नसे. बोयट मासळीच्या वाट्यावरून गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर येणारा आवडाबाईंचा तोच खर्जातला आवाज मांडवात लागला, की नवरीचा बाप हटकून डोळे पुसायला खांबाआड जायचा.

ही विद्या त्यांना सासूने, चंद्रभागेने दिली. देताना एकच अट घातली. मांडव नसेल तर धवला ओठाबाहेर काढायचा नाही. बिनमांडवाचा धवला कुणाचं तरी लग्न मोडतो. आवडाबाईंनी हे व्रत डोळ्यांत तेल घालून पाळलं. जाळं विणताना नाही, चुलीपुढे नाही, कधी एकट्याने गुणगुणणंसुद्धा नाही.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली त्यांच्या नातीचं, शालनचं लग्न ठरलं. मुलगा टिटवाळ्याचा, मुहूर्त वैशाखातला. आजीच धवलारीण, तेव्हा लग्न कोण लावणार हा प्रश्नच नव्हता. आणि नेमका तोच प्रश्न उभा राहिला.

झालं असं, की सून मालन ठाण्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला होती. तिथे नवीन कॉम्प्युटर आला होता, त्याला टेलिफोनची तार जोडली होती, आणि मालनला दुसरं काही सुचत नव्हतं. रात्री जेवताना ती सांगत होती, "आई, त्यात एक जागा आहे. जगात कुठेही कुणी माणसांच्या चालीरीतींवर काही लिहिलं, नाहीतर जमीन खणून जुनी खापरं काढली, की त्याची नोंद तिथे असते. शब्द टाकला की लिहिणाऱ्याचं नाव, गाव, लेखाचा सारांश, सगळं समोर येतं. अमेरिकेतल्या माणसालासुद्धा तेच दिसतं."

"कोल्यांचं पन?" आवडाबाईंनी विचारलं.

"कोळ्यांचं, आगऱ्यांचं, सगळ्यांचं. एकदा छापलं की गेलं त्यात. मग ते कायमचं."

आवडाबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. त्या ताटावरून उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "शालीच्या लग्नान मी नाय गानार. दुसरी कोन बघा."

घरात एकच गहजब झाला. आवडाबाईंचा मुलगा, शालनचा बाप चंदू, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून दमून आलेला, तो ओरडला. शालन रडली. दुसरी बघायची म्हणजे कोण? उरलेल्या धवलारणी एकतर थकल्या होत्या, नाहीतर वर गेल्या होत्या. म्हातारी कारण सांगेना. हट्टाला पेटली की ती खाडीलासुद्धा वाट विचारायची नाही.

दुसऱ्या दिवशी मासळी साफ करता करता मालनने तिला बोलतं केलं. सुनेला सासूचा स्वभाव पुरता ठाऊक होता. ती विचारत नसे, नुसती शेजारी बसून कोयता चालवत राही.

"तू म्हायेराला व्हतीस तवा," म्हातारी एकदाची म्हणाली. "शाली लान व्हती. पुन्याचा एक सायेब आयला व्हता, दाढीवाला. गल्यान टेपची पेटी. धवला गा बोलला."

भर आषाढात, लग्नसराई नसताना तो आला होता. होडीतून उतरताना साहेबाचे बूट चिखलात रुतले, ते काढायला दोन पोरं लागली. बिचारा गुडघ्यापर्यंत काळा होऊन ओट्यावर बसला आणि हात जोडून धवला मागू लागला. दारी आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? आणि मांडवाशिवाय गायचं तरी कसं? इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हा आवडाबाईंनी धवल्याच्या चालीवर, ऐनवेळी सुचेल ते म्हटलं होतं:

"सायबाचं बूट चकचक करी गो,
चिखलान बसली बुरी गो.
नवरी नाय न् मांडव नाय,
सायेब आयला कुनाचे दारी गो."

अशी पुष्कळ कडवी झाली. साहेब मान डोलवत होता, भराभरा लिहून घेत होता. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

मालनलाही हसू फुटलं, पण सासूच्या डोळ्यांकडे बघून ते जागीच विरलं.

"हसू नको गो. त्यानं ता छापलं असंल. कोल्यांचा धवला म्हनून. मी मेली, माज्या मागून कुनी शिकाया तुज्या कालेजच्या पेटीन बघल, न् मांडवान पोरी बुटाचं गानं गातील. माज्या सासूचा धवला मी बुडवला. आथा कुठल्या तोंडान शालीच्या म्होरं उबी ऱ्हाऊ?"

यावर समजूत घालण्यात अर्थ नव्हता. मालन एवढंच म्हणाली, "आई, छापलंय की नाही ते तरी बघू. चला माझ्याबरोबर."

शनिवारी दुपारी दोघी कॉलेजात गेल्या. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर पाटी होती: चपला बाहेर काढाव्यात. आवडाबाईंना हे पटलं. आत थंडगार, यंत्रावर मखमली कापड, बाजूला दसऱ्याच्या वाळक्या झेंडूची माळ अजून तशीच. त्यांनी नकळत हात जोडले. मालनने कापड काढलं, तार जोडली, आणि पेटी अशी काही किंचाळली की म्हातारी म्हणाली, "जल्लं मेलं, दुखतंय काय याला?"

मालनने पहिल्यांदा नुसतं "कोळी" टाकलं. नोंदींचा गाळच वर आला. कोळ्यांच्या जाळ्यांच्या गाठी, कोळ्यांच्या डोक्यांची मापं, खाडीकाठच्या खोदकामात सापडलेले जाळ्याचे दगडी भार. मालन एकेक वाचून मराठीत सांगत होती, अडलं की शेजारचा शब्दकोश उघडत होती.

"डोक्याची मापं कनाला?" आवडाबाईंनी विचारलं.

"देव जाणे."

मग तिने "कोळी"च्या जोडीला "ठाणे" आणि "लग्न" टाकलं. पडद्यावर बराच वेळ काहीच हललं नाही. मग एक ओळ उतरली: खाडीकाठच्या कोळ्यांची लग्नगीतं, मूळ शब्दांसह. आवडाबाईंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मालनने साल बघितलं आणि सुस्कारा टाकला. "हे फार जुनं आहे, आई. तुमचंसुद्धा लग्न झालं नसेल तेव्हाचं."

खालून दुसरी ओळ आली. कान्हेरे, पुणे. मालनने नाव वाचलं आणि आवडाबाईंनी डोळे मिटून घेतले. होय, त्या साहेबाचं हेच नाव. लेखाचं शीर्षक होतं, 'चिखलातले बूट'.

"वाच," आवडाबाई म्हणाल्या. "काय आसंल ता वाच. लपवू नको."

मालन सारांश थांबत थांबत, शब्द जुळवत सांगू लागली. "ठाण्याच्या खाडीकाठी लेखक धवले गोळा करायला गेला. तिथल्या धवलारणीने मांडवाबाहेर धवला गायला नकार दिला. तो नकार तिने गाण्यातूनच दिला. लेखकाच्या बुटांवर तिने जागच्या जागी रचलेलं गाणं लेखकाने धवला समजून उतरवून घेतलं. परतताना होडीवाल्याने हसून हसून त्याला अर्थ सांगितला."

आवडाबाईंनी डोळे उघडले.

"पाहुण्याचा मान राखायचा आणि व्रतही मोडायचं नाही, यासाठी या बाईने दाखवलेल्या हुशारीवर हा लेख आहे. खरे धवले यात छापलेले नाहीत, कारण ते लेखकाला ऐकायला मिळाले नाहीत. गाणारीची परवानगी घेतली नसल्यामुळे तिचं नाव दिलेलं नाही."

मालन थांबली. "संपलं, आई."

आवडाबाईंनी पदराने डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग पुन्हा डोळे पुसले. छातीवरचा धोंडा उतरला, की माणसाला आधी रडूच येतं. हसू मागाहून सवडीने येतं. ते आलं तेव्हा इतकं मोठ्याने आलं, की बाहेर वाचत बसलेली पोरं दारातून डोकावली.

"म्हंजी मेल्याला तवाच कललं व्हतं!" त्या म्हणाल्या. "न् मी आथापरत जिवाला लावून बसलीय!"

मालनही हसत होती, रडत होती. यंत्र बंद करायला तिने हात पुढे केला, तसा म्हातारीने तिचा हात धरला. "थांब. त्या सायबाचा पत्ता हाय काय यान?"

"ते कुठल्या संस्थेत आहेत, ते दिलंय."

"मंग पत्रिका धाड. लिव, की मांडव घातलाय."

वैशाखात, हळदीच्या दिवशी, आवडाबाई नवी काठापदराची साडी नेसून मांडवात उभ्या राहिल्या. शालन पाटावर बसली होती. तेवढ्यात दारात काहीतरी गडबड झाली आणि बायकांनी वाट करून दिली. पांढऱ्या दाढीचा एक माणूस आत येत होता. गळ्यात टेपची पेटी होती, बूट त्याने अंगणाबाहेरच काढून ठेवले होते, आणि अनवाणी पाय उन्हात तापलेल्या जमिनीवर चांगलेच पोळत असावेत. तो आवडाबाईंसमोर आला, वाकून नमस्कार केला आणि पेटीकडे बोट दाखवून, न बोलता, परवानगी मागितली.

आवडाबाईंनी वर बघितलं. हिरवे टहाळे होते, आंब्याचे डगळे होते, चारी खांब जागच्या जागी होते.

"लाव," त्या म्हणाल्या, आणि धवला सुरू केला. चंदू उठून खांबाआड गेला.