सीलबंदकाकांचा लाल ट्रक

सीलबंदकाकांच्या घरात उघडी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे त्यांचं तोंड. बाकी सोफ्यावर दुकानातलंच प्लॅस्टिक, रिमोट पिशवीत, आणि भिंतभर काचेच्या कपाटांत गाडीचे रोबो होणारी खेळणी, सगळी खोक्यात, सील न तोडलेली. काकांचं वय साठीच्या पुढचं. इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. "खोकं उघडलं की संग्रह संपला, नुसतं खेळणं उरलं," असं ते म्हणत. खेळण्याशी खेळणं हा त्यांच्या लेखी शुद्ध अडाणीपणा होता.

पाहुण्याला चहाच्या आधी इतिहास मिळे. मूळ खेळणी जपानी, नावं ठेवली अमेरिकेत, पुढे धातू गेला आणि प्लॅस्टिक आलं. "आणि लक्षात ठेवा, आधी खेळणी आली, गोष्ट मागाहून रचली!" हे ते अशा थाटात सांगत, की जणू रचताना स्वतः हजर होते. एकदा त्यांनी निळा आणि करडा असे दोन रोबो दाखवून मला फरक विचारला. मी म्हटलं, "रंग."

"अहो, साचा एकच, पण हा शूर आणि हा गद्दार!"

रंगावरून गद्दार ओळखायची ही विद्या मला काही साधली नाही. मी घड्याळाकडे पाहत असे.

सगळ्यांत मानाचं खोकं लाल ट्रकचं. पहिल्या मालिकेतला ट्रक, कुणाकुणाच्या हातापाया पडून जपानहून मागवलेला. त्यावरची धूळ पुसायचीही काकूंना परवानगी नव्हती. काकू निफाडच्या, द्राक्षबागेत वाढलेल्या. त्या म्हणत, "आमच्याकडं पेटी भरतात ती खाणाऱ्यासाठी. यांची पेटी नुसती बघायची."

मग काकांच्या छातीत दुखलं, ऑपरेशन झालं, आणि ऐन दसऱ्याला ते हॉस्पिटलात अडकले. काकूंनी मला झेंडूच्या माळा आणायला सांगितल्या. त्यांच्या घरी स्कूटर एक आणि माळा एवढ्या कशाला, हे मला विचारायचं सुचलं नाही.

काकांना घरी आणलं तेव्हा कपाटं सताड उघडी होती. एकूण एक गाडी खोक्याबाहेर, ओळीने उभी, प्रत्येकीला झेंडू. लाल ट्रकच्या केबिनवर हळदकुंकवाची ठसठशीत बोटं. मी जिन्याकडे सरकलो.

"अगं, हे काय केलंस?"

"गाड्याच हायेत ना त्या?" काकू म्हणाल्या. "घरातली एक बी गाडी बिनपूजेची राहायला नको म्हटलं. तुम्ही तिकडं नळ्या लावून पडलेले. मला दुसरं काय सुचंना." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

काकांचं तोंड बंद झालेलं मी तेव्हा प्रथमच पाहिलं. त्यांनी ट्रक उचलला आणि त्याचा रोबो करायला घेतला. इतिहास तोंडपाठ, पण पाय कुठून निघतो याचा पत्ता नाही! शेवटी काकूंनीच तो ओढून काढला. "सकाळी करून बघितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. काका इतके हसले की टाके दुखायला लागले.

त्यानंतर सोफ्याचं प्लॅस्टिकही निघालं. संध्याकाळी दोघं गॅलरीत रोबो जुळवत बसत. पुढच्या दसऱ्याला गाड्यांची पूजा काकांनी स्वतः केली. त्याच थंडीत ते गेले.

काकू भावाकडे निफाडला राहायला गेल्या. निघताना लाल ट्रक माझ्या हातात ठेवला. मला त्या बडबड्या माणसाची फार आठवण येते. केबिनवरचं कुंकू मी पुसलेलं नाही. पाहुणे त्याबद्दल विचारतात. मी जपानपासून सुरुवात करतो आणि पाहुणे घड्याळाकडे पाहतात.